खंदकाच्या शहरातील शिवाजी-उत्सव

कलकत्त्याच्या बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर उतरल्या तेव्हा, १७४२ साली, शहराच्या रक्षणासाठी खणावयास घेतलेल्या आणि कधीच पुऱ्या न झालेल्या खंदकाची ती आठवण. मराठे त्या खंदकापर्यंत आले नाहीत. परंतु पश्चिम बंगालची गावे त्यांनी जाळली, लुटली, आणि १७५१ च्या तहाने चौथाईचे बारा लाख रुपये ठरवून घेतले. बारगिराचा 'बर्गी' झाला व बंगाली अंगाईगीतांत शिरला. महाराष्ट्रात ज्याला अटकेपार झेंड्याचा काळ म्हणून अभिमानाने आठवतात, त्याच काळाच्या नावाने बंगालात आया मुलांना निजवीत. अभिमानाची ही दुसरी बाजू मराठी इतिहासलेखनात फारशी आलेली नाही.

अशा शहरात १९०२ साली शिवाजी-उत्सव सुरू झाला, आणि तो सुरू करण्यात पुढाकार होता सखाराम गणेश देऊस्कर या मराठी माणसाचा. देवघरजवळच्या करों गावी १८६९ साली जन्मलेले देऊस्कर घरात मराठी आणि लेखणीत बंगाली होते. 'हितवादी' पत्रात मुद्रिते तपासण्यापासून आरंभ करून ते संपादकपदापर्यंत पोचले. बाजीराव, आनंदीबाई, झाशीचा राजकुमार यांच्या कथा त्यांनी बंगाली वाचकांना सांगितल्या. भूमी अगदीच कोरडी नव्हती. रमेशचंद्र दत्तांच्या 'महाराष्ट्र जीवनप्रभात' या कादंबरीने १८७८ मध्येच शिवाजीला बंगाली घरांत नेले होते. तरीही ज्यांच्या पणज्यांनी बर्गींच्या भयाने गावे सोडली, त्यांना मराठ्यांच्या राजाचा उत्सव करावयास सांगणे सोपे नव्हते. शिवाजी आणि बर्गी यांच्यामध्ये जवळजवळ साठ वर्षांचे अंतर आहे, हे देऊस्करांना पटवून द्यावे लागले. १९०४ मध्ये त्यांच्या 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली आणि परकीय इतिहासकारांनी शिवाजीला लुटारू ठरविले होते त्यास उत्तर दिले.

वंगभंगानंतर उत्सवाचे रूप पालटले. जून १९०६ मध्ये टिळक, खापर्डे आणि मुंजे कलकत्त्यास आले. स्वदेशी मालाचा मेळा भरला, सभा झाल्या, आणि टिळक गंगास्नानास निघाले तेव्हा त्यांच्यामागून रस्ताभर माणसांचा लोंढा घाटाकडे वाहिला. महाराष्ट्राचा नेता बंगालच्या रस्त्यावर परका उरला नाही. परंतु त्याच उत्सवात भवानीची मूर्ती मांडून पूजा झाली. मूर्तिपूजा न मानणाऱ्या ब्राह्मोंना ती खटकली, आणि मुसलमानांना या उत्सवात आपले स्थान काय, हा प्रश्न तीव्र झाला. फाळणीविरुद्ध सर्वांनी एकत्र येण्याची गरज असतानाच हे घडावे, ही विसंगती लहान नव्हे. शिवाजीचा लढा मुसलमानांशी नव्हता, जुलमाशी होता, असे टिळकांनी आवर्जून सांगितले. पण मांडलेल्या मूर्तीपुढे हा खुलासा दुबळा ठरला. रवींद्रनाथही पुढे या राजकारणापासून दूर गेले. देऊस्करांनी दोन प्रांतांमध्ये बांधलेल्या सेतूवर तिसऱ्याला वाट मिळाली नाही.

देऊस्करांची स्वतःची परीक्षा १९०७ मध्ये झाली. सुरतेच्या काँग्रेसमधील फुटीनंतर टिळकांविरुद्ध लिहिण्यास नकार देऊन त्यांनी 'हितवादी' सोडले. त्यांच्या 'देशेर कथा' या ग्रंथावर १९१० मध्ये सरकारने बंदी घातली, आणि १९१२ साली, त्रेचाळिशीच्या उंबरठ्यावर, ते वारले.