क्लिप कितीही आवळा, ट्रकचा कूलंट गळतोच; चूक नेमकी कुठं होते?

न्हावाशेवा बंदरातून कंटेनर उचलायचा, कळंबोलीवरून एक्स्प्रेस वेला लागायचं आणि खालापूरचा टोलनाका मागं पडला की बोरघाट चढायला घ्यायचा. नवी मुंबईतून पुण्याकडं माल नेणाऱ्या ट्रकचा हा रोजचा रस्ता. बंदर समुद्राच्या काठावर आणि लोणावळा सुमारे 620 मीटर उंचीवर. पनवेल, खालापूरपर्यंत रस्ता बऱ्यापैकी सपाट असतो, त्यामुळं या उंचीतला बहुतेक भाग ट्रकला एका घाटातच चढावा लागतो. तोही पाठीवर कंटेनर घेऊन, खालच्या गियरमध्ये, फारसा वारा न लागता.

याच घाटात कडेला उभा राहिलेला, केबिन पुढं झुकवलेला ट्रक तुम्ही पाहिला असेल. वीकेंडला त्याच्यामागं तासभर अडकलाही असाल.

गाडी घाटात बंद पडायला कारणं बरीच असतात. क्लच जातो, टायर फुटतो, ब्रेक पकडतात. पण इंजिन तापून गाडी उभी राहिली असेल, तर दोष दर वेळी मोठाच असतो असं नाही. रेडिएटर आणि इंजिन यांना जोडणारे जे रबरी पाइप असतात, ज्यांना सगळे होज म्हणतात, त्यांच्या टोकाचा एखादा जोड थेंब थेंब गळत असतो. हा जोड बऱ्याचदा कंपनीचा नसतो. कधीतरी अडीअडचणीला बाहेरून आणलेला, नाहीतर लेथवर करून घेतलेला असतो. ड्रायव्हर सकाळी पाणी टाकतो, क्लिप अजून थोडी आवळतो आणि निघतो. सपाटीवर हे खपून जातं, घाटात खपत नाही.

कुकरची रिंग आणि रेडिएटरचं झाकण

थेंबभर गळतीनं एवढं काय होतं, हे कळायला आधी दाबाचं गणित बघू.

साधं पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळतं, लोणावळ्याच्या उंचीवर साधारण 98ला. त्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल मिसळलं, म्हणजे कूलंट केलं, की हा आकडा 106-107च्या आसपास जातो. पण खरं काम झाकण करतं. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण आतला दाब धरून ठेवतं. हा दाब 1 बारच्या जवळपास असेल, तर तेच मिश्रण 125 अंशांच्या पुढं गेल्याशिवाय उकळत नाही. घाटात इंजिनाला जो मोकळा श्वास मिळतो तो या फरकातून.

आता घरातला कुकर आठवा. रिंग खराब झाली की बाजूनं वाफ जाते, शिट्टी होत नाही आणि डाळ कच्ची राहते. गळक्या जोडाचं तसंच आहे. दोन-चार चमचे कूलंट गेल्यानं फार बिघडत नाही, पण त्या फटीतून दाब निघून जातो. दाब गेला की कूलंट लवकर उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि जिथं बुडबुडा असतो तिथल्या धातूची उष्णता कोणी उचलत नाही. सिलिंडर हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं. मग क्लिपच्या किमतीत मिटणारं काम इंजिन उघडण्यावर जातं.

यात एक फसवी गोष्ट आहे. तापमान दाखवणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असायला लागतो. कूलंट खूप कमी झालं आणि सेन्सर उघडा पडला, तर काटा वर जायच्या ऐवजी खालीही येऊ शकतो. ‘चला, गाडी गार झाली’ असं वाटतं तेव्हा इंजिन कोरडं तापत असतं. चढणीवर काटा अचानक पडला तर ती वाईट बातमी समजायची.

दुसरा तोटा सावकाश होतो. मोठ्या डिझेल इंजिनात बहुतेक वेळा वेट लायनर असतात, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्याला बाहेरून थेट कूलंट लागलेलं असतं. इंजिन चालताना हे लायनर सूक्ष्म थरथरतात, त्यांच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. कूलंटमधली रसायनं हे रोखतात. रोज बोअरवेलचं पाणी टाकत राहिलं की ती रसायनं पातळ होत जातात, वर क्षारांचा थर बसतो तो वेगळाच. काही काळानं लायनरला आरपार भोक पडून पाणी ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ‘थोडं गळतंय, पाणी टाकत राहू’ हा सगळ्यात महागडा उपाय आहे.

त्यात रेडिएटरवरचा भार वाढत चाललाय. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. ड्रायव्हरसाठी ही फार आधी व्हायला हवी होती अशी गोष्ट. पण एसीचा कंडेन्सर सहसा रेडिएटरच्या पुढं बसतो आणि स्वतःची गरम हवा त्याच्याकडं सोडतो. अशा गाडीत दाब न धरणारा जोड आणखी लवकर त्रास देणार.

बाहेरचा जोड गळतो तो का

आफ्टरमार्केट म्हणजे भंगार, असं समीकरण नाही. चांगल्या बनावटीचा बाहेरचा जोड वर्षानुवर्षं टिकतो. गडबड बहुतेक वेळा जोड, होज आणि क्लिप ही तीन वेगवेगळ्या घरची माणसं एकमेकांना न जुळल्यानं होते.

सगळ्यात जास्त दिसतो तो मधला जोड. होज फाटला, पण तसाच वळणाचा मिळाला नाही, मग खराब तुकडा कापून मध्ये धातूचा पाइप घातला आणि दोन्हीकडं क्लिपा लावल्या. कंपनीच्या पाइपच्या टोकाला एक उंचवटा असतो, त्याला बीड म्हणतात. होज या उंचवट्यावरून चढवायचा आणि क्लिप त्याच्या मागं बसवायची, म्हणजे होज घसरत नाही. घाईत कापलेल्या पाइपला बीड नसते. आता हिशेब करा. 50 मिलिमीटरचं तोंड आणि आत 1 बार दाब असेल, तर होजला बाहेर ढकलणारा जोर सुमारे 20 किलो वजनाइतका होतो. गुळगुळीत, ओल्या पाइपवर हा जोर फक्त क्लिपच्या पकडीनं थोपवायचा असतो.

त्यात माप चुकलेलं असतं. 38च्या होजमध्ये 36चा पाइप ‘आवळून बसेल’ म्हणून घातला जातो. क्लिप आवळल्यावर जास्तीचं रबर गोळा होऊन त्याला बारीक चुणी पडते. त्या चुणीतून कूलंटला वाट मिळते आणि जितकं आवळाल तितकी चुणी खोल होते. ‘एवढी टाइट केली तरी गळतंय’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा इथंच असतं.

क्लिपचंही बघू. स्क्रूनं आवळायची जी पट्टी आपल्याकडं जुबली क्लिप म्हणून ओळखली जाते, ती ब्रिटिश नौदलातल्या लमली रॉबिन्सन यांनी 1921 मध्ये आणली. शंभर वर्षं टिकलेली सोपी युक्ती आहे, पण तिला मर्यादा आहेत. रबर तापून दबत जातं, गार झाल्यावर आकसतं, आणि पट्टी मात्र आवळली होती तिथंच राहते. त्यामुळं काही गाड्या चालताना कोरड्या असतात आणि सकाळी गार असताना जोडाखाली ओल दिसते. अशा ठिकाणी स्प्रिंग असलेली क्लिप लावली की ती रबराबरोबर कमी-जास्त होते. शिवाय साध्या क्लिपच्या पट्टीला आरपार खाचा असतात. मऊ सिलिकॉन होजवर ती आवळली तर रबर त्या खाचांत घुसून कापलं जातं. निळे, लाल सिलिकॉन होज हौसेनं लावताना आतून गुळगुळीत असलेली क्लिप घ्यायची राहून जाते, हे फार सर्रास होतं.

आणखी एक कारण सहसा कोणी बोलत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि ते सतत हलतं. रेडिएटर चेसिसला धरून असतो. या दोघांमधला धक्का खायचं काम होज करतो. मध्ये लांब लोखंडी पाइप घातला की होजची लवचिकता संपते आणि सगळी थरथर दोन टोकांच्या जोडांवर येते. असा पाइप घालायचाच असेल तर तो आखूड ठेवावा आणि जड असेल तर त्याला ब्रॅकेटचा आधार द्यावा.

नव्या गाड्यांत काही ठिकाणी क्लिप न लावता ‘खट्’ आवाज करून बसणारे प्लास्टिकचे क्विक कनेक्टर आले आहेत. त्यांच्यात सील करते ती आतली ओ-रिंग. ही कूलंटसाठी बहुधा ईपीडीएम रबराची असते. तिला कोणी साधं ग्रीस किंवा ऑइल लावलं की ती फुगते आणि काही दिवसांत गळायला लागते. बसवताना बोटाला थोडं कूलंट घेऊन तेच लावायचं.

जोड बसवायचा कसा

आधी गळती तिथूनच होते ना, याची खात्री करायची. गरम इंजिनावर पडलेला थेंब लगेच वाळतो, त्यामुळं ओल दिसली नाही तरी पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली दिसते. गोडसर वासही येतो. हातपंपाचा प्रेशर टेस्टर असलेला मेकॅनिक मिळाला तर सोनं. इंजिन गार असताना झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत पंप मारायचा, त्याच्या वर नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं काटा उतरतो का ते बघायचं.

याच वेळी दुसरी एक तपासणी उरकून घ्यावी. गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल आणि टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटमधून गॅस कूलंटमध्ये शिरतोय. मग जोड गळणं हा नुसता परिणाम आहे. नवा जोड टाकलात तरी तोही गळेल.

काम पूर्ण गार गाडीवरच करायचं. कूलंट स्वच्छ भांड्यात काढायचं. चिकटलेला होज स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नये, पाइपला ओरखडा पडतो. पिळून सैल करायचा, नाहीतर सरळ कापून काढायचा. होजच्या टोकापासून चार-पाच सेंटिमीटर भाग दाबून बघा. मधल्या भागापेक्षा तिथं पिचपिचीत लागत असेल तर आतून भेगा पडल्यात, तो होज बदलायचा.

पाइपचं टोक घासताना बारीक पॉलिश पेपर गोल फिरवून घासा, लांबीच्या दिशेनं नाही. लांबीच्या दिशेनं पडलेला प्रत्येक चरा म्हणजे कूलंटसाठी खणलेला पाट. व्हर्नियरनं दोन दिशांनी मोजून पाइप चपटा झालेला नाही ना, हेही बघावं. नवा पाइप लेथवर करून घेत असाल तर दोन्ही टोकांना बीड पाडून मागा, आणि माप जुन्या ताणलेल्या होजवरून न देता गाडीच्या मूळ पाइपवरून द्या.

क्लिप आधी होजवर चढवून ठेवायची. मग टोकाला कूलंट लावून होज बीडच्या पुढं पुरेसा सरकवायचा आणि क्लिप बीडच्या मागं, होजच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत बसवायची. बीडवरच क्लिप आली तर ती कधीच धरणार नाही. इंजिन एकदा पूर्ण तापवून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावायचा. हे शेवटचं काम नव्वद टक्के वेळा राहून जातं. आकडा माझा अंदाज आहे, पण कुठल्याही गॅरेजात विचारा.

एम-सील, शेलॅक, सिलिकॉन पेस्ट यांचा लेप या जोडाला लागत नाही. आत सुटलेला तुकडा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. कूलंट भरताना रंगावर जाऊ नका. रंग ही कंपनीची निवड असते, हिरवं ते हिरवं जुळेलच असं नाही, आणि न जुळणारी कूलंट मिसळली तर गाळ होऊ शकतो. सावकाश भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून हवा जाऊ द्या.

काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका आणि गटारातही ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जबरदस्त विषारी असतं, गॅरेजभोवतीची कुत्री ते चाटतात. 2017 मध्ये तळोजा एमआयडीसीत निळ्या झालेल्या कुत्र्यांचे फोटो जगभर फिरले होते. तो कासाडी नदीत गेलेला कारखान्याचा रंग होता, कूलंट नव्हे. पण इथल्या नाल्यात ओतलेलं पुढं कुणाच्या अंगावर येतं, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आणि घाटातच गळायला लागलं तर

गाडी शक्य तितकी डावीकडं घ्या, चारही इंडिकेटर लावा, मागं बऱ्याच अंतरावर त्रिकोण ठेवा, चाकांना दगड लावा. झाकणाला लगेच हात लावू नका. दाब एकदम सुटला की आतलं कूलंट तिथंच उकळून कारंज्यासारखं बाहेर येतं आणि चेहरा, हात भाजतात. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज दाबल्यावर मऊ लागला की जाड फडकं टाकून झाकण आधी पाव वळसा फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मगच काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप कोरड्या होजवर ताणून गुंडाळली तर पुढच्या गॅरेजपर्यंत पोचता येतं. झाकण एक खाच सैल ठेवून दाब कमी करायची जुनी युक्ती आहे, त्यानं गळती कमी होते हे खरं. पण उकळण्याचा बिंदूही खाली येतो, म्हणून चढणीवर ती नको. आणि निघताना चाकाखालचे दगड उचलून कडेला टाका, मागून येणारा ट्रकही तुमच्यासारखाच भरलेला असतो.