कुष्ठरोग : प्रतिबंध, उपचार आणि वैद्यकीय नीती

कुष्ठरोग हा मायकोबॅक्टेरियम लेप्री या जंतूमुळे होणारा, मुख्यतः त्वचा आणि त्वचेलगतच्या नसा यांना ग्रासणारा दीर्घ मुदतीचा संसर्गजन्य रोग. महारोग हे त्याचे जुने नाव. नॉर्वेतील बेर्गेन येथे गेरहार्ड आरमाउअर हान्सेन यांनी १८७३ मध्ये हा जंतू प्रथम पाहिला. माणसाच्या रोगामागे जंतू असू शकतो हे सुचवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या शोधांत त्याची गणना होते. त्यापूर्वी हा रोग आनुवंशिक समजला जाई, आणि पूर्वजन्मीच्या पापाशी त्याची सांगड घालणारेही बरेच होते.

जंतू अतिशय संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात. कधी वीस वर्षेही. शरीराचे थंड भाग त्याला मानवतात, म्हणून नाक, कानांच्या पाळ्या, हात आणि पाय येथे त्याच्या खुणा आधी दिसतात. प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात तो आजवर वाढवता आलेला नाही. संशोधकांना उंदराच्या पंजावर किंवा कमी तापमानाच्या आर्मडिलो या प्राण्यावर विसंबावे लागले, आणि लस व औषधे शोधण्याचे काम त्यामुळे अनेक दशके रखडले.

उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांतून, दीर्घकाळच्या निकट सहवासाने तो पसरतो. हस्तांदोलनाने, एका पंगतीत जेवल्याने किंवा एसटीत शेजारी बसल्याने तो होत नाही. सुमारे ९५ टक्के माणसांच्या अंगी त्याला रोखणारी नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. इतक्या दुबळ्या संसर्गाच्या रोगाला समाजाने दिलेली शिक्षा मात्र सर्वांत कठोर होती. पुढे येणारे नीतिविषयक प्रश्न या विसंगतीतूनच उद्भवले आहेत.

ओळख : अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्या जागी बधिरता, ही मुख्य खूण. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच दुर्लक्षिला जातो. पांढऱ्या कोडाशी त्याचा काही संबंध नाही. कोडाच्या जागी स्पर्श, गरम, गार सारे नीट कळते. कोपराजवळची नस जाड होणे, तळहात किंवा तळपायाला मुंग्या येणे, चप्पल पायातून निसटल्याचे न कळणे, डोळ्याची पापणी पूर्ण न मिटणे याही सूचना आहेत. पाचपर्यंत चट्टे असतील तर अल्पजंतू आणि अधिक असतील किंवा तपासणीत जंतू आढळले तर बहुजंतू प्रकार मानतात.

बोटे ‘झडतात’ हा समज चुकीचा आहे. नस निकामी झाल्याने वेदना कळेनाशी होते. मग चुलीवरचे गरम पातेले, चपलेतला खिळा, कोयत्याची मूठ यांनी जखमा होतात, त्या चिघळतात, हाडापर्यंत जातात आणि बोटे आखडत, झिजत जातात. म्हणजे विकृती ही उशिरा झालेल्या निदानाची आणि न घेतलेल्या काळजीची परिणती असते. पाय रोज पाण्यात भिजवून तेल लावणे, मऊ सूक्ष्मछिद्री रबराची पादत्राणे वापरणे आणि डोळ्यांना जपणे एवढ्याने तिचा मोठा भाग टळतो. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी स्नायुबंध हलवून वाकलेली बोटे पुन्हा कामाची करण्याच्या शस्त्रक्रिया विकसित केल्या, महाराष्ट्रात डॉ. नोशिर अंटिया यांनी पुण्याच्या कोंढवा येथील रुग्णांसाठी असेच पुनर्रचनेचे काम केले.

उपचार : १९४० च्या दशकात डॅप्सोन आले, तेव्हा प्रथमच खरा उपाय हाती लागला. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन यांचा एकत्रित उपचार, म्हणजे एमडीटी, सुचवला. अल्पजंतू प्रकाराला सहा महिने, बहुजंतू प्रकाराला बारा महिने तो घ्यावा लागतो आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. उपचार सुरू होताच रुग्णाची संसर्ग देण्याची क्षमता झपाट्याने नाहीशी होते. क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते, हा त्रास डॉक्टरांना किरकोळ वाटला तरी रुग्णाला तसा नसतो. रोग लपवून ठेवलेल्या बाईचा बदललेला रंग साऱ्या गावाला दिसतो, आणि त्या भीतीने काहीजणी गोळ्या सोडून देतात.

प्रतिबंध : रुग्ण लवकर शोधून बरा करणे, हेच या रोगाच्या प्रतिबंधाचे मुख्य साधन राहिले आहे. या बाबतीत वर्धा जिल्ह्याचे ऋण मोठे आहे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभारले. सेवाग्रामला गांधीजींनी संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांची आपल्या हातांनी शुश्रूषा केली. पण सेवेला शास्त्राची जोड दिली ती १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने. डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या पुढाकाराने येथे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही पद्धत घडली : रुग्ण दवाखान्यात येईल म्हणून वाट पाहायची नाही, घरोघरी जायचे, सगळ्यांची तपासणी करायची, लोकांशी बोलायचे आणि औषध तिथेच पोहोचवायचे. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन यांनी पुनर्वसनाची बाजू सांभाळली.

डिसेंबर २००५ अखेर देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले. त्या आकड्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. उपचार चालू असलेल्यांनाच त्यात रुग्ण म्हणून मोजतात. बहुजंतू प्रकाराचा उपचार १९९८ मध्ये चोवीस महिन्यांवरून बारावर आला, तेव्हा नवे रुग्ण तितकेच असूनही नोंदवहीतली संख्या घटली. त्यानंतर कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळला, घरोघर फिरणारे प्रशिक्षित कर्मचारी कमी झाले, आणि अनेक तरुण डॉक्टरांनी जाड झालेली नस हाताने चाचपून पाहिलेलीच नाही. दरवर्षी देशात सुमारे एक लाख नवे रुग्ण आजही सापडतात; जगातील नव्या रुग्णांत निम्म्याहून अधिक ते भारतातले. गडचिरोली, चंद्रपूर, पालघर या जिल्ह्यांत प्रमाण जास्त आहे. नव्या रुग्णांत लहान मुले आढळणे म्हणजे गावात संसर्ग आजही चालू असल्याचा पुरावा. ‘निर्मूलन’ घोषित करण्याची घाई झाली, असे या नोंदीच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

माणसांवरील प्रयोग : हान्सेन यांचे सासरे डॅनिएल डॅनियलसेन यांनी रोग संसर्गजन्य आहे का हे पाहण्यासाठी रुग्णाच्या गाठीतील द्रव्य स्वतःला टोचून घेतले होते. हान्सेन यांनी १८७९ मध्ये मात्र रुग्णालयातील एका बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाचे द्रव्य टोचले. तिने तक्रार केली. १८८० मध्ये बेर्गेनच्या न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला आणि हान्सेन यांचे रुग्णालयातील पद गेले. संमतीविना प्रयोग केल्याबद्दल वैद्याला न्यायालयाने जाब विचारल्याचे हे फार जुने उदाहरण आहे. हान्सेन यांचा शोध जितका शिकवला जातो तितकाच हा खटलाही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवला जायला हवा. हवाईमध्ये १८८४ साली एदुआर्द आर्निंग यांनी किआनू नावाच्या कैद्याला फाशी रद्द होण्याच्या बदल्यात जंतू टोचले. त्याने होकार दिला होता. पण दोरखंड डोळ्यांसमोर असताना दिलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही. बाबा आमटे यांनी कलकत्त्यात प्रशिक्षण घेताना स्वतःलाच जंतू टोचून घेतले, ते हान्सेन आणि आर्निंग यांच्या प्रयोगांपेक्षा वेगळे : धोका ज्याचा, निर्णयही त्याचाच.

सक्तीचे विलगीकरण : १८६६ पासून हवाईतील मोलोकाई बेटावर रुग्णांना सक्तीने पाठवण्यात आले, ते १९६९ पर्यंत. जपानमध्ये रुग्णांना वसाहतींत डांबणारा कायदा १९९६ मध्येच रद्द झाला. तेथे अनेकांची नसबंदीही केली गेली. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने हे सरकारी धोरण घटनाबाह्य ठरवले.

भारतात १८९०-९१ च्या चौकशी आयोगाने संसर्गाचा धोका अल्प असल्याचे आणि सरसकट सक्तीची गरज नसल्याचे सांगितले. तरी १८९८ मध्ये कायदा झालाच. त्याचा रोख निराधार, भीक मागणाऱ्या रुग्णांवर होता. घरदार असलेल्याला तो शिवत नसे. संसर्गाची भीती हे कारण पुढे केले जाई, पण जंतू गरीब-श्रीमंत पाहत नाहीत. रस्त्यावरून नजरेआड करायचे ते गरिबांना, हाच त्यामागचा खरा हेतू दिसतो. त्याआधी १८९० मध्ये मुंबईचे महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांनी माटुंग्याला बेघर रुग्णांसाठी आश्रम उभा केला होता; वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे जमवून छापणारे ॲकवर्थही तेच. आश्रमाने शेकडो निराधारांना छप्पर आणि अन्न दिले. त्याच भिंतींनी त्यांना शहरापासून तोडले, हेही तितकेच खरे.

गोपनीयता : आजचा वाद अधिक नाजूक आहे. रुग्णाच्या सहवासातील व्यक्तींना रिफॅम्पिसिनची एकच मात्रा दिल्यास पहिल्या दोन वर्षांत रोगाची शक्यता सुमारे ५७ टक्क्यांनी घटते, असे बांगलादेशातील मोठ्या चाचणीतून २००८ मध्ये दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत शिफारसली आणि भारतानेही ती स्वीकारली. पण शेजाऱ्यांना गोळी द्यायची तर ‘तुमच्या शेजारी रुग्ण आहे’ हे कळतेच. म्हणून रुग्णाची परवानगी आधी घेणे बंधनकारक आहे. घरच्यांपुरती परवानगी देऊन शेजाऱ्यांना नको म्हणण्याचा त्याला अधिकार आहे, आणि तो वापरल्याबद्दल त्याचा उपचार अडता कामा नये. काही ठिकाणी संपूर्ण वस्तीला मात्रा देऊन ही अडचण टाळतात. खर्च वाढतो, पण बोट कुणाकडे दाखवले जात नाही. क्षयरोगावरही हेच औषध असल्याने प्रत्येकाची क्षयासाठी चौकशी आधी करावी लागते, नाहीतर औषधाला न जुमानणारे क्षयजंतू तयार होण्याची भीती असते. चाचणीत सर्वांत निकटच्या माणसांना फायदा कमी झाला, हेही लोकांना सांगायला हवे.

थॅलिडोमाइडचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. गर्भात भयंकर व्यंगे निर्माण केल्यामुळे १९६० च्या दशकाच्या आरंभी बाजारातून काढलेल्या या औषधाने कुष्ठरोगातील एका वेदनादायक प्रतिक्रियेला विलक्षण आराम पडतो, हे याकोब शेस्किन यांना जेरुसलेममध्ये आढळले. ब्राझीलमध्ये त्याच्या वापरानंतर पुन्हा व्यंग असलेली बालके जन्मली. कडक देखरेख ठेवता येत नसेल तेथे ते देऊ नये, हे मत बळकट आहे.

कायदा : १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठरोगातून बरे झालेल्यांना दिव्यांगांत गणले. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख पाच व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आला, म्हणजे एमडीटीने रोग बरा होऊ लागल्यानंतर जवळजवळ चार दशकांनी. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ओडिशातील एका नगरसेवकाची अपात्रता कायद्याच्या चौकटीत कायम ठेवली, मात्र अशा तरतुदींचा फेरविचार व्हावा असेही नोंदवले. विधी आयोगाने २०१५ च्या २५६ व्या अहवालात भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदा सुचवला. तो कायदा अद्याप झालेला नाही.