विषय निवडायचं स्वातंत्र्य आलं कुठून? एलियटपासून तुमच्या मायनरपर्यंत

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की आता एक तक्ता हातात पडतो. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एईसी, आयकेएस आणि प्रत्येकासमोर क्रेडिटचा आकडा. फॉर्म भरायला मिळतात जेमतेम काही दिवस. मग बहुतेक जण काय करतात? मैत्रीण घेतेय ते घेतात, नाहीतर सीनियर सांगतात की अमुक पेपरला मार्क सुटतात, तो घेतात. यात मुलांचा दोष नाही. हा तक्ता कशासाठी आहे, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

माझं संशोधन वनस्पतींच्या आनुवंशिकीत आहे, शिक्षणाच्या इतिहासात नाही. पण माझ्या कामात एका माणसाचं नाव सतत समोर येतं, आणि त्याच्या शिक्षणाचा माग काढता काढता मी या इतिहासात शिरले. तो माणूस पुढे भेटेलच. आधी हा तक्ता कसा तयार झाला ते बघू.

एक रसायनशास्त्रज्ञ आणि त्याचा प्रयोग

१८६९ साली अमेरिकेतल्या हार्वर्डच्या अध्यक्षपदी चार्ल्स एलियट आले. वय ३५, विषय रसायनशास्त्र. त्या काळी तिथल्या अभ्यासाचा मोठा भाग सगळ्यांना सारखाच असायचा: लॅटिन, ग्रीक, गणित वगैरे. धडा पाठ करायचा आणि वर्गात म्हणून दाखवायचा. एलियट यांनी ही सक्ती वरच्या वर्गापासून खाली उतरत काढली. १८७२ मध्ये शेवटच्या वर्षाचे सक्तीचे विषय गेले, १८७९ मध्ये तिसऱ्या वर्षाचे, १८८४ मध्ये दुसऱ्या वर्षाचे. पुढच्याच वर्षी पहिल्या वर्षाचेही बरेचसे गेले. १८९७ पर्यंत सक्तीचं उरलं ते जवळपास फक्त पहिल्या वर्षाचं इंग्रजी लेखन.

ही गोष्ट नेहमी विद्यार्थ्यांच्या स्वातंत्र्याची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच, पण तिची दुसरी बाजूही बघा. सगळ्यांना एकच अभ्यास असेल तर प्राध्यापकाला दरवर्षी तेच प्राथमिक धडे शिकवावे लागतात. विद्यार्थी निवड करू लागले की प्राध्यापक आपल्या विषयातलं पुढचं काही शिकवू शकतो, त्याच्याभोवती विभाग उभा राहतो, प्रयोगशाळा येते, संशोधन सुरू होतं. म्हणजे विषय निवडीची मुभा आणि माझ्यासारखीची पीएच.डी. या दोन्ही गोष्टी एकाच बदलातून वाढल्या. आणि त्यासाठी एलियट यांनी शिक्षकांची संख्या कित्येक पटींनी वाढवली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

न्यूयॉर्कमधला वाद

१८८५ साली न्यूयॉर्कमध्ये एलियट यांचा जाहीर वाद झाला. समोर होते प्रिन्स्टनचे अध्यक्ष जेम्स मकॉश. मकॉश जुनाट विचारांचे होते असं समजू नका. त्यांनी स्वतःही प्रिन्स्टनच्या वरच्या वर्गांना काही विषय निवडायची मुभा दिली होती. त्यांचा आक्षेप असा, की ज्याला विषयाची अजून ओळखच नाही तो निवड कशाच्या आधारावर करणार? आधी काही पायाभूत विषय सगळ्यांनी शिकावेत, मग निवड द्यावी. नाहीतर पोरं सोपं ते उचलतील.

एलियट यांचं म्हणणं उलटं होतं: मुलगा आवडीचा विषय घेईल तर मन लावून शिकेल, आणि आपली आवड कशात आहे हे १८ वर्षांच्या मुलाला कळतं.

बरोबर कोण ठरलं? मला विचाराल तर दोघेही अर्धे अर्धे. काही मुलांनी या मुभेचं सोनं केलं. पण १८९८ साली बाहेर पडलेल्या तुकडीचा हिशेब काढला तेव्हा दिसलं, की निम्म्याहून जास्त मुलांनी चारही वर्षं जवळजवळ प्राथमिक पातळीचेच कोर्स घेतले होते. १९०३ मध्ये हार्वर्डच्याच एका समितीला आढळलं, की शिक्षकांना वाटत होतं त्यापेक्षा मुलं खूपच कमी वेळ अभ्यास करतात. आपल्याकडचे सीनियर 'मार्क सुटणारा पेपर' सांगतात ना, ती परंपरा अशी शंभर वर्षांहून जुनी आहे.

मेजर कशासाठी आला?

त्या समितीत लॉरेन्स लोवेल नावाचे एक सदस्य होते. १९०९ मध्ये एलियट निवृत्त झाले आणि हेच लोवेल अध्यक्ष झाले. त्यांनी मुभा रद्द केली नाही, तिला कणा दिला. नियम साधारण असा: पदवीसाठी वर्षभराचे १६ कोर्स, त्यातले किमान ६ एकाच क्षेत्रातले, आणि आणखी ६ इतर तीन गटांत विभागलेले. बाकीचे आपल्या मर्जीने.

तुमच्या तक्त्याकडे आता पुन्हा बघा. मेजर म्हणजे ते ६ कोर्स. मायनर, ओपन इलेक्टिव्ह वगैरे म्हणजे बाकीची विभागणी. थोडक्यात, मेजर ही स्वातंत्र्यावर घातलेली मर्यादा नाही, स्वातंत्र्य विस्कटायला लागल्यावर केलेली दुरुस्ती आहे.

आणि क्रेडिट?

याची कथा आणखी मजेशीर आहे, कारण ती पेन्शनपासून सुरू होते. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन मिळावं म्हणून १ कोटी डॉलर दिले. पण कॉलेज कशाला म्हणायचं? पैसे वाटणाऱ्या संस्थेने निकष ठरवले. त्यातला एक असा, की प्रवेश देताना शाळेत कुठला विषय किती तास शिकलाय ते ठरावीक एककात मोजायचं. एका विषयाचे वर्षाला सुमारे १२० तास म्हणजे एक एकक. पेन्शन हवं असलेल्या कॉलेजांनी ते मान्य केलं, आणि शिक्षण तासांत मोजायची ही रीत पुढे कॉलेजच्या आतही पक्की झाली.

आज आपल्याकडे १५ तासांचं शिकवणं किंवा ३० तासांचं प्रात्यक्षिक म्हणजे एक क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या पदवीला किमान १६०. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये ती खात्यावर जमाही होतात. सोय चांगलीच आहे. पण क्रेडिट वेळ मोजतं, समज मोजत नाही. चार क्रेडिटचा स्टॅटिस्टिक्स आणि चार क्रेडिटचा एखादा सोपा पेपर खात्यावर अगदी सारखे दिसतात. पुढे दोन्ही सारखे उपयोगी पडत नाहीत.

कोसंबींचं नाव

आता तो माणूस. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत हे काढताना मला एक सूत्र निवडावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये सहसा दोन पर्याय असतात: हॉल्डेन आणि कोसंबी. गुणसूत्रांची अदलाबदल एका ठिकाणी झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्याची शक्यता कमी होते. हॉल्डेनचं सूत्र हे गृहीत धरत नाही, कोसंबींचं धरतं. हे सूत्र १९४४ साली प्रसिद्ध झालं. आणि हे कोसंबी म्हणजे आपले दामोदर धर्मानंद कोसंबी, प्राचीन भारताच्या इतिहासाकडे बघायची नजर बदलणारे.

त्यांचा जन्म १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी पाली आणि बौद्ध ग्रंथांच्या कामासाठी हार्वर्डला गेले, तेव्हा १९१८ मध्ये मुलालाही बरोबर घेऊन गेले. दामोदर पुढे हार्वर्डमध्येच शिकले आणि १९२९ मध्ये पदवी घेतली. म्हणजे लोवेल यांच्याच काळात, त्यांच्याच नियमांखाली. गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ यांचं मत होतं की या मुलाने फक्त गणितावर लक्ष द्यावं. दामोदर यांनी गणित केलंच, पण भाषांपासून कितीतरी विषय घेतले आणि त्यांत उत्तम गुणही मिळवले. याची किंमत मोजावी लागली. तिथेच पुढे संशोधन करायला शिष्यवृत्ती मिळाली नाही, आणि ते भारतात परतले. बनारस हिंदू विद्यापीठात गणिताबरोबर जर्मनही शिकवू लागले.

बहुविद्याशाखीय शिक्षणाचं कौतुक करताना ही किंमत सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय. पसरट शिकणाऱ्याला एका विभागाचं पाठबळ मिळेलच असं नाही. अजूनही नाही.

पण त्या पसाऱ्याचं पुढे झालं काय, तेही बघा. जुन्या आहत नाण्यांचा अभ्यास करताना कोसंबींनी हजारो नाणी तोलली. वापरात नाणं झिजतं, त्याचं वजन घटतं. त्या घटीवरून कुठला गट किती काळ चलनात होता याचा अंदाज त्यांनी सांख्यिकीने बांधला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी केली, आणि संस्कृत बरंचसं त्या कामातूनच शिकले. त्यांच्याकडे विषय अनेक होते, पण हातातलं एक हत्यार पक्कं होतं: गणित. ते नसतं तर नाणी तोलून नुसती वजनांची यादी झाली असती.

आपल्याकडे काय वेगळं आहे

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघाली. शिकवायची कॉलेजं, परीक्षा घ्यायचं विद्यापीठ. सगळ्या कॉलेजांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची म्हटल्यावर विषयही ठरलेल्या गटांतच येणार. म्हणून फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स किंवा केमिस्ट्री-बॉटनी-झूऑलॉजी असे गट आपल्याला जणू निसर्गाचे नियम वाटतात. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्येच सामान्य शिक्षणाची, म्हणजे सगळ्यांना विज्ञान, समाजशास्त्रं आणि मानव्यविद्या यांची ओळख करून देण्याची शिफारस केली होती. प्रत्यक्षात बरीच दशकं गट तेच राहिले. मग २०१५ च्या सुमारास निवडीवर आधारित क्रेडिट पद्धत आली, आणि २०२० च्या धोरणानंतर सध्याचा तक्ता.

आता एलियट यांचा तो मुद्दा आठवा. निवड देण्याआधी आणि देताना त्यांनी शिक्षक वाढवले होते. तालुक्याच्या एखाद्या कॉलेजात विज्ञानाचे जेमतेम चार-पाच विभाग आणि त्यातल्या काही जागा रिकाम्या असतील, तर तक्ता कितीही मोठा असो, प्रत्यक्षात निवड दोन-तीन विषयांतच होते. तिथल्या मुलीला 'आवडीचं निवड' म्हणणं सोपं आहे. ही अडचण तिची नाही, व्यवस्थेची आहे. ते स्पष्ट म्हणायलाच हवं.

तरीही फॉर्म तुम्हालाच भरायचाय. या दीडशे वर्षांतून मला तरी तीन प्रश्न हाती लागले.

पहिला: या विषयाचा पुढचा पेपर तुमच्या कॉलेजात आहे का? १८९८ च्या मुलांसारखे सहा विषयांचे सहा पहिले पेपर करून हाती फार काही उरत नाही. दोन विषय तीन पायऱ्या चढलेले बरे.

दुसरा: हे हत्यार आहे की ओळख? गणित, सांख्यिकी, प्रोग्रॅमिंग, एखादी भाषा ही हत्यारं, दुसऱ्या विषयात घेऊन जाता येतात. किमान एक तरी पक्कं करा. ओळखीचे विषय ओपन इलेक्टिव्हमध्ये खुशाल घ्या, त्यांचीही मजा आहे.

तिसरा: आज सोडलेला विषय पुढे कुठलं दार बंद करतो? पहिल्या वर्षाला गणित सोडलं तर एमएस्सीला कुठे अर्ज करता येणार नाही, हे त्या त्या विभागाच्या प्रवेशाच्या अटींत लिहिलेलं असतं. सीनियरला विचारण्याआधी त्या अटी वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्याला क्रेडिट नाही.