स्वातंत्र्याच्या केकवर ब्लूबेरी आली कुठून?

जून संपत आला की फोनवर एक केक हमखास दिसायला लागतो. पांढरं क्रीम, डाव्या कोपऱ्यात ब्लूबेरींचा निळा चौकोन आणि उरलेल्या जागेत स्ट्रॉबेरी नाहीतर रास्पबेरीच्या लाल ओळी. ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, म्हणून केकवर झेंडा. बघताना मला वाटायचं, हे १७७६ पासूनच चालत आलं असणार. तर तसं अजिबात नाही.

१७९६ साली हार्टफर्डमध्ये 'अमेरिकन कुकरी' नावाचं पुस्तक छापलं गेलं. अमेरिकन लेखिकेनं लिहिलेलं आणि अमेरिकेतच छापलेलं हे पहिलं पाककृतींचं पुस्तक मानतात. लेखिका अमेलिया सिमन्स. मुखपृष्ठावर तिनं स्वतःची ओळख करून दिली ती अनाथ म्हणून. तिचं शिक्षण बेताचं होतं, त्यामुळे मजकूर छपाईसाठी तयार करायला तिनं दुसऱ्याला दिला. त्यानं पाककृतींतल्या महत्त्वाच्या गोष्टी गाळल्या, भलत्याच घुसवल्या, तेही तिला न विचारता. आमच्या धंद्यात सांगायचं तर कोड एकीचा आणि परस्पर बदल करून रिलीज केला दुसऱ्यानंच! पण बाई गप्प बसली नाही. ही तक्रार तिनं पुस्तकातच छापून घेतली. आपल्या नावावर काय खपतंय हे सांगायचा हक्क तिनं सोडला नाही.

त्याच वर्षी ऑल्बनीत निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत 'इंडिपेंडन्स केक' आहे. प्रमाण ऐका. पीठ २० पौंड, म्हणजे साधारण ९ किलो. साखर १५ पौंड, लोणी १० पौंड, अंडी ४ डझन. शिवाय वाइन, ब्रँडी, जायफळ, दालचिनी, लवंग, बेदाणे. मिक्सर नाही की बीटर नाही, ४८ अंडी हातानं फेटायची. हा घरातल्या चौघांचा केक नव्हेच, गावजेवणाचा होता. आणि सजावट? वरून साखरेचं आवरण, बॉक्स नावाच्या झुडपाची हिरवी पानं आणि सोन्याचा वर्ख. बेरी नाही, झेंडा नाही, थर नाहीत.

थर नव्हते, कारण हा केक यीस्टवर फुगायचा. तो पावासारखा भरभक्कम व्हायचा. पातळ, हलके थर पटापट भाजायचे तर बेकिंग पावडर हवी. ती १८४३ साली केली इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्डनं. हो, कस्टर्ड पावडरवालाच! त्याच्या बायकोला अंडीही चालत नसत आणि यीस्टही, म्हणून हे दोन्ही उद्योग. म्हणजे इंग्रजांपासून सुटल्याचा केक थरांवर उभा राहिला तो एका इंग्रजाच्या खटपटीमुळे.

स्ट्रॉबेरी चटकन सांगतो. आजचं मोठं फळ १८ व्या शतकात फ्रान्समध्ये, उत्तर अमेरिकेतली एक जात आणि चिलीतली एक जात यांच्या संकरातून झालं. महाबळेश्वरला आपण क्रीमबरोबर खातो तीही त्याच घराण्यातली.

खरी गंमत निळ्या रंगाची. ब्लूबेरी मूळची अमेरिकेचीच, तिथले आदिवासी ती पूर्वीपासून खात आले. पण ती मिळायची रानातून. शेतात लावली की झाडं जगत नसत. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिलनं १९१० मध्ये कारण छापलं: या झाडाला आम्लयुक्त माती लागते. चांगलं खतपाणी घातलेली, चुना टाकलेली जमीनच त्याला मारते! न्यू जर्सीत व्हाइट्सबॉगला एलिझाबेथ व्हाइटच्या घरची क्रॅनबेरीची शेती होती. तिनं ते वाचलं आणि कोव्हिलला कळवलं, प्रयोग आमच्या जमिनीवर करा.

मग तिनं आसपासच्या रानात बेरी गोळा करणाऱ्यांना कामाला लावलं. जंगल त्यांनाच पाठ होतं. प्रत्येकाला भोक पाडलेली पट्टी दिली, भोक साधारण १६ मिलिमीटरचं. त्यातून न जाणारी बेरी ज्या झुडपाला असेल ते दाखवायचं. दाखवणाऱ्याला पैसे, आणि झुडपाला त्याचं नाव. १९१६ मध्ये शेतातल्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. स्वातंत्र्यानंतर तब्बल १४० वर्षांनी!

या लोकांत एक होता रूब लीक. त्याच्या नावावरून जात झाली 'रूबेल'. ती अजून लावतात, आणि बाजारातल्या कितीतरी जातींच्या वंशावळीत ती सापडते.