१४१४ : एका पात्यावरचे आकडे

सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यात दर खंडेनवमीला पुजल्या जाणाऱ्या फिरंग तलवारीबद्दल मी वीस वर्षांपूर्वी एक छोटा लेख लिहिला होता. पाते सरळ, लांब, दुधारी. मूठ आपल्याकडच्या घडणीची. पात्याच्या पन्हळीत चार-सहा रेघांत कोरलेला एक धावता प्राणी आणि त्याच्याशेजारी १४१४ हे आकडे. मी ते साल समजलो आणि ‘इसवी सन १४१४ मधील पाते’ असे लिहून मोकळा झालो. पुढे ते गावच्या यात्रेच्या पत्रिकेत छापले गेले आणि वाड्याच्या दारावर तशी पाटीही लागली.

ते साल चुकीचे होते. बँकेतली नोकरी सांभाळून हा नाद करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला चूक दाखवणारा गुरू भेटत नाही. चूक आपली आपल्यालाच सापडावी लागते. मला ती सापडली संग्रहालयांच्या सूची चाळताना. तोच प्राणी आणि तेच आकडे स्कॉटलंडपासून कॉकेशसपर्यंतच्या तलवारींवर दिसू लागले. त्यातली कितीतरी पाती घडणीवरून सोळाव्या-सतराव्या शतकांतली होती. एवढ्या वेगवेगळ्या पात्यांचे जन्मसाल एकच कसे असेल? अभ्यासक या आकड्यांना साल मानत नाहीत. ती शुभ समजली जाणारी खूण असावी, असे त्यांचे मत आहे. तो प्राणी म्हणजे लांडगा. डॅन्यूबकाठच्या पासाउ गावच्या पात्यांची ही खूण. पुढे पश्चिम जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी ती बेधडक उचलली.

या झोलिंगेननेच मला पुढची पंधरा वर्षे धरून ठेवले.

कोलोन शहरापासून जवळ, वुपर नदीच्या वळणांवर, बर्गच्या सरदारांच्या मुलखात हे गाव वसले. कोळशासाठी रान, सहाणा फिरवायला ओढ्यांचे पाणी आणि माल खपवायला कोलोनची पेठ, असा तिहेरी मेळ तिथे जमला. पण लक्षात राहते ती तिथली कामाची वाटणी. आपल्या मनात तलवार म्हटली की एक लोहार, एक ऐरण आणि एक घण असे चित्र असते. झोलिंगेनमध्ये तलवार एका माणसाची नव्हतीच. लोहार पाते ठोकून आकाराला आणी. दुसरा त्याला पाणी देई. तिसरा सहाणेवर धरून अंग आणि धार काढी. चौथा उजाळा देऊन मूठ बसवी. या चौथ्याला जर्मनमध्ये ‘श्वेर्टफेगर’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी शब्द तयारच आहे, शिकलगार.

या कारागिरांच्या संघांना राजसनदा मिळाल्या, त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पाणी देणारे आणि सहाणेवाले यांना १४०१ मध्ये, शिकलगारांना १४१२ मध्ये, आणि लोहारांना थेट १४७२ मध्ये. ज्याला आपण तलवारीचा कर्ता समजतो, त्याची सनद सर्वांत शेवटची!

याचे कारण मला पोलादाच्या स्वभावात दिसते. तापवून लाल झालेले पाते एकदम थंड केले की कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. मग ते पुन्हा बेताने तापवावे लागते. तेव्हा उजळ पृष्ठभागावर आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. कुठल्या रंगाला थांबायचे, यावर पाते वाकून परत सरळ होणार की रणात दोन तुकडे होणार, हे ठरते. तापमापक नव्हता. होती ती नजर, आणि ती बापाकडून मुलाकडे जाई. म्हणूनच हे कसब बाहेर जाऊ नये यासाठी कारागिरांकडून गाव न सोडण्याची शपथ घेतली जाई. सतराव्या शतकाच्या अखेरीस काही कुटुंबे ती मोडून इंग्लंडच्या उत्तरेला शॉटली ब्रिज इथे गेली आणि गावाच्या दृष्टीने गुन्हेगार ठरली.

सहाणेवाल्यांची किंमत वेगळी. ओलसर, अंधाऱ्या सहाणघरात भल्यामोठ्या दगडावर ओणवे होऊन काम करायचे. दगडाची आणि लोखंडाची धूळ छातीत बसे आणि फुप्फुसाचा रोग या धंद्याला चिकटलेलाच असे. फिरता दगड फुटला तर जिवावरच बेते. वुपरकाठची अशी दोन सहाणघरे, बाल्कहाउजर कोटन आणि विपरकोटन, आजही पाहायला मिळतात.

आणि एवढे करून पात्यावर नाव कोणाचे? कधी क्लेमेन्स हॉर्न किंवा योहानेस वुंडेस यांच्यासारख्या लोहारांचे, तेही कित्येकदा पिढ्यान्पिढ्या चाललेले. वुंडेस घराण्याची राजमुकुटधारी मस्तकाची खूण प्रसिद्ध आहे. पण अनेकदा नाव परक्याचे असे. गिऱ्हाइकाला स्पेनचे पाते हवे, तर त्यावर टोलेडोच्या कारागिराचे नाव कोरायचे. स्कॉटलंडला ‘आंद्रेआ फेरारा’ या इटालियन नावाचे वेड, तर तेच नाव झोलिंगेनहून कोरून पाठवायचे. म्हणजे नाव पेठेचे आणि घाम चार निनावी माणसांचा. याच गावाला पुढे आपल्या नावाची नक्कल थांबवण्यासाठी कायदा लागला. १९३८ पासून ‘झोलिंगेन’ हे नाव कायद्याने राखीव आहे.

अशी पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांमार्फत आपल्या किनाऱ्यावर उतरली. दख्खनच्या कारागिरांनी त्यांना इथल्या मुठी चढवल्या. तीच फिरंग. म्हणजे त्या वाड्यातल्या तलवारीला आणखी एक निनावी बाप आहे, मूठ जडवणारा इथला शिकलगार. भवानी तलवारीचा जुना वाद मला इथे उकरायचा नाही. एवढेच म्हणतो, की परदेशी पाते असल्याने मराठ्यांची तलवार परकी होत नाही.

हे सारे सांगायला मी गेल्या खंडेनवमीला त्या वाड्यात गेलो. घरातले आबा आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. मी सांगत होतो आणि ते तलवारीला गंध लावत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे आमची तलवार खोटी?”

“तलवार अस्सल आहे आबा. साल खोटं आहे, आणि ते मी लिहिलं होतं.”

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “यात्रेला लोक पाटी वाचून पाया पडतात हो. आता त्यांना काय सांगू?”

माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. जेवणे झाल्यावर आबांनी नातवाला पाटी काढायला सांगितली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. “तुम्ही चुकवलंत, तुम्हीच लिहून द्या.”

मी लिहिले : ‘फिरंग तलवार. पाते बहुधा जर्मनीतील, सोळावे-सतरावे शतक. मूठ दख्खनची. पात्यावर लांडग्याची खूण. घडवणाऱ्यांची नावे उपलब्ध नाहीत.’

आबांनी कागद दोनदा वाचला. “नावं नाहीत, हे राहू द्या,” म्हणाले, “पण ‘घडवणाऱ्यांची’ हा शब्द जरा मोठ्या अक्षरात काढायला सांगतो.”

यंदाच्या दसऱ्याला नवी पाटी लागली आहे.