ताप डोक्यात जातो तेव्हा

मोहर्ली म्हटलं की आज ताडोब्याचं गेट आणि पहाटेची जिप्सींची रांग डोळ्यांपुढे येते. पूर्वी इथपासून भामरागडापर्यंतच्या रानात पावसाळा सरताना धास्ती असे ती हिवतापाची. थंडी वाजून ताप भरला की घरचे अंगावर पांघरुणं टाकत. माणूस बरळू लागला, हाकेला ओ देईना, की म्हणत, ‘ताप डोक्यात गेला.’

म्हणणं खोटं नव्हतं. मेंदूच्या हिवतापात परजीवींनी भरलेल्या तांबड्या पेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. काही रुग्णांचा, विशेषतः लहान मुलांचा, मेंदू सुजतो. कवटी मात्र हाडाची. आत मेंदू, रक्त आणि मेंदूजल. एक वाढलं की उरलेल्या दोघांना जागा सोडावी लागते. एडिंबराच्या मन्रोंनी 1783 मध्ये मांडलेल्या विचारातून हे सूत्र पुढे आलं. जागा संपली की दाब झपाट्याने चढतो. मग रक्तदाब वाढतो, नाडी मंदावते, श्वास अडखळतो. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओळखलेली ही खूण दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

स्वीडनच्या लुंडबर्ग यांनी 1960 मध्ये मेंदूच्या पोकळीत नळी ठेवून हा दाब सलग मोजून दाखवला. पण 1973 च्या डिसेंबरात डॉक्टर दांपत्य प्रकाश आणि मंदाकिनी आमटे भामरागडाजवळच्या हेमलकशाला आले, तेव्हा तिथे वीजसुद्धा नव्हती. रुग्ण खाटेवर घालून पायवाटेने आणले जात.

जिथे यंत्र नाही, तिथे शुश्रूषाच दाब सांभाळते. उशाकडची बाजू तीसेक अंश उंच करायची. मान एका बाजूला कलू द्यायची नाही, कारण मानेतली शीर दबली की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. डोळ्यांवर प्रकाश टाकून दोन्ही बाहुल्या सारख्या आकसतात का ते पाहायचं. हिवतापावरचं क्विनीन चालू असेल तर रक्तातली साखर तपासत राहायची. ती उतरली तरी माणूस बेशुद्धच दिसतो. ही कामं बारीक, पण रात्रभर जागून करायची. त्यांचं मोल औषधाइतकंच आहे.

सूज उतरवायला मॅनिटॉल देण्याची जुनी रीत राउरकेल्यातल्या अभ्यासाने 2011 मध्ये खोडली : त्याने फायदा झाला नाही, उलट बेशुद्धी लांबली. क्विनीनपेक्षा आर्टेसुनेटने मृत्यू कमी होतात, हे 2005 मध्येच सिद्ध झालं होतं.

तापातला माणूस बरळू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.