सेलरीदाणी

सेलरी (सॅलरी नव्हे, तिचं दुःख वेगळं) ही ओवा-कोथिंबिरीच्या गोत्रातली भाजी. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजाला तिचं भारी अप्रूप. दांडे पांढरे, कोवळे राहावेत म्हणून माळी त्यांच्याभोवती मातीची भर चढवत बसे. एवढ्या मेहनतीची भाजी महाग पडणारच. आणि महागाची वस्तू पाहुण्यांना दिसायला नको? म्हणून उंच, पायाचं, मोकळ्या तोंडाचं खास काचेचं भांडं निघालं. त्यात पाणी घालून कच्चे दांडे टेबलावर उभे! शतक सरता सरता सेलरी स्वस्त झाली नि आडव्या बशीत लोळू लागली. भांडी पोरकी झाली.

त्यातलं एक लातूरला माझ्या आजोळी आहे. १९४८ साली निजामी अंमल संपला, तेव्हा कुण्या अंमलदाराच्या सामानातून आजोबांनी घेतलेलं. फुलदाणी म्हणावी तर गळा आवळलेला नाही. चमचे ठेवावेत तर बुडून जातात. आमच्या नांदेडच्या शाखेत असली नोंद सस्पेन्स खात्यात जाते. आजोळी मात्र वाटणीत त्याच्यावरून दोन्ही मामांचं बोलणं बंद झालं.

थोरल्या मामांना मी खरं काय ते सांगितलं. बराच वेळ ते भांड्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "धाकट्याला सांगू नको बरं. अकरा वर्षं निजामाच्या भांड्यावरून भांडतोय बिचारा."